रोमचे प्लेबियन, चांदीचे नाणे आणि देवाचा कौल

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक भाषण तयार केले. ते त्यांना तेथे करू दिले गेले नाही. मग त्यांनी ते स्वतःच छापून प्रसिद्ध केले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ह्या नावाने ते आज जगभर वाचले जाते. त्यात रोमच्या प्रजासत्ताकाविषयी थोडासाच मजकूर आहे. आपले वाचक बहुधा तो भरभर वाचून पुढच्या शास्त्रप्रामाण्याच्या चर्चेकडे जातात. परंतु तो मजकूर उगाच आलेला नाही. आधी आर्थिक सत्ता हाती घ्या, बाकीचे आपोआप होईल, असे म्हणणाऱ्या समाजवाद्यांना उत्तर देताना बाबासाहेबांनी रोमच्या प्लेबियनांना साक्षीला बोलावले आहे.

त्यांचा प्रश्न असा होता : प्लेबियनांना आपला स्वतंत्र कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळाला होता. कॉन्सल म्हणजे राज्याचा सर्वोच्च अधिकारी. असे असूनही पॅट्रिशियन कॉन्सलपुढे ताठ उभा राहील असा माणूस त्यांना त्या जागेवर का बसविता आला नाही? त्यांनी दिलेले उत्तर असे की, देवाचा कौल मिळाल्यावाचून कोणीही अधिकारपद घेऊ नये अशी तेथील श्रद्धा होती, कौल सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन होते, आणि जो माणूस त्यांना नको असेल त्याला नेमका देवही नको असे. पुरोहित लबाड होते एवढेच सांगून बाबासाहेब थांबत नाहीत. फसविले जाणारे प्लेबियनही तीच श्रद्धा बाळगून होते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा आहे.

ह्या मजकुरामागे साडेचारशे वर्षांचा इतिहास उभा आहे आणि त्याला एक फार चांगला साक्षीदार आहे. तो साक्षीदार म्हणजे रोमचे चांदीचे नाणे.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बजाजनगरात मी राहतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचे आईवडील कारखान्यांत कामाला आहेत, पुष्कळसे कंत्राटी. त्यांना रोम शिकवायचे म्हणजे सीझरपासून सुरुवात करून चालत नाही. संपापासून करावी लागते, आणि रोमचा इतिहास त्या बाबतीत आपल्याला निराश करीत नाही.

परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९ मध्ये रोमने राजाला हाकलले आणि दरवर्षी दोन कॉन्सल निवडण्याची पद्धत सुरू केली. राजा गेला, पण सत्ता गेली ती मोजक्या कुलीन घराण्यांकडे. हे पॅट्रिशियन. बाकीचे सगळे स्वतंत्र नागरिक प्लेबियन. लढाईवर जाणारे तेच, आणि शेत ओसाड पडून कर्जात बुडणारेही तेच. कर्ज फिटले नाही तर शरीर सावकाराकडे गहाण. मराठवाड्यातल्या सालगड्याची उचल ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. इ.स.पू. ४९४ मध्ये हे लोक हत्यारांसह शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. लढाई बंद, काम बंद.

त्यांची समजूत काढायला सिनेटने मेनेनियस अ‍ॅग्रिपा नावाच्या गृहस्थाला पाठविले. हा माणूस मूळचा प्लेबियनांतलाच, असे इतिहासकार लिव्ही सांगतो; असा दूत निवडण्याची युक्ती जुनीच आहे म्हणायची. त्याने गोष्ट सांगितली ती शरीराची. हातांनी, तोंडाने, दातांनी पोटाविरुद्ध संप केला. पोट नुसते बसून खाते असे त्यांचे म्हणणे. पण पोट उपाशी राहताच सगळेच अवयव गळाले. समाज म्हणजे एक शरीर, तेव्हा ज्याने त्याने आपापले काम करावे. पुरुषसूक्तातला मुखापासून पायांपर्यंतचा विराट पुरुष आपल्या ओळखीचा आहेच. हजारो मैलांच्या अंतरावरच्या दोन समाजांत वरच्यांना आपल्या सोयीसाठी शरीराचाच दृष्टान्त सुचावा ह्याचे मला नेहमी नवल वाटते. फरक पुढे आहे. प्लेबियनांनी गोष्ट ऐकून घेतली, पण टेकडीवरून उतरण्यापूर्वी त्यांनी करार करून घेतला. त्यातून ट्रिब्यून हे पद निर्माण झाले. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणारा शापित समजला जाई. कोणत्याही अधिकाऱ्याचा हुकूम तो 'मनाई' ह्या एका शब्दाने थांबवू शके. त्याच्या घराचे दार गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्यासाठी रात्रीसुद्धा उघडे ठेवावे लागे.

इ.स.पू. ४५१-४५० मध्ये कायदे बारा पाट्यांवर लिहिले गेले. त्यातच पॅट्रिशियन आणि प्लेबियन ह्यांच्यातील विवाहाला बंदी घातली गेली. कॅन्युलियस ह्या ट्रिब्यूनने इ.स.पू. ४४५ मध्ये ती उठविली. त्या वेळी पॅट्रिशियनांनी केलेला युक्तिवाद लिव्हीने नोंदविला आहे : रक्त भ्रष्ट होईल आणि शकुन पाहण्याचा कुळाचा अधिकार गोंधळात पडेल. विवाह आणि कौल ह्या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकत्र बांधलेल्या होत्या. आपल्या भाषेत ह्यालाच वर्णसंकराचे भय म्हणतात. हा शब्द पुढे नाशिकच्या डोंगरात आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

इ.स.पू. ३६७ मध्ये लिसिनियस आणि सेक्स्टियस ह्या दोन ट्रिब्यूनांनी एक कॉन्सल प्लेबियनांतून घेण्याचा कायदा करून घेतला. पुढच्याच वर्षी सेक्स्टियस कॉन्सल झाला. त्याच वेळी पॅट्रिशियनांनी न्यायदानाचे काम कॉन्सलकडून काढून प्रीटर नावाच्या नव्या अधिकाऱ्याकडे दिले आणि ती जागा आपल्याकडे ठेवली. दार उघडावे लागले तर आतली तिजोरी आधी हलवावी, ही रीत. आणि लिसिनियसचे पुढे काय झाले? कोणीही ५०० युगेरापेक्षा, म्हणजे सुमारे ३०० एकरांपेक्षा, अधिक सार्वजनिक जमीन धरू नये असा कायदा त्याने केला होता. दहा वर्षांनी त्याच कायद्याखाली त्याला दंड झाला. मुलाला कागदोपत्री वेगळा काढून बापलेकांनी मिळून दुप्पट जमीन धरली होती! १९६१ च्या आपल्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर गावोगावी काय काय वाटण्या झाल्या हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हसावे की रडावे हे त्यांनीच ठरवावे. श्रीमंत प्लेबियन हळूहळू पॅट्रिशियनांशी सोयरिकी करून एका नव्या सरदारवर्गात विरघळून गेले. टेकडीवर बसलेल्यांची नातवंडे मात्र कर्जातच राहिली.

आता कौलाकडे येऊ. बाबासाहेबांनी डेल्फीच्या देवस्थानाचा उल्लेख केला आहे. डेल्फी ग्रीसमध्ये, मोठे संकट आले की सिनेट तेथे माणसे पाठवी. दैनंदिन कारभारातला कौल मात्र रोम शहरातलीच पुरोहितमंडळे सांगत. आकाशात पक्षी कोणत्या बाजूने गेले, वीज कोठे चमकली, पवित्र कोंबड्यांनी दाणे टिपले की नाही, ह्यावरून ऑगर नावाचे पुरोहित देवाची संमती ठरवीत. त्यांनी 'निवडणुकीत दोष राहिला' असे म्हटले की निवडणूक रद्द. ह्या तपशिलाने बाबासाहेबांचा मुद्दा दुबळा होत नाही, उलट अधिक घट्ट होतो. पाहा : कॉन्सलपद उघडले इ.स.पू. ३६७ मध्ये, आणि पुरोहितमंडळे प्लेबियनांना उघडली इ.स.पू. ३०० मध्ये. मधली सदुसष्ट वर्षे राज्य चालविणारा प्लेबियन असू शकत होता, पण त्याच्यावर देवाची मोहोर उठविणारा प्लेबियन असू शकत नव्हता.

पुरोहितपद मिळाल्यावर तरी सुटका झाली का? इ.स.पू. २१५ चे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हॅनिबल इटलीत धुमाकूळ घालीत होता. एक कॉन्सल लढाईत पडला, म्हणून त्याच्या जागी लोकांनी मार्सेलस ह्या नाणावलेल्या प्लेबियन सेनापतीला निवडून दिले. दुसरा कॉन्सलही प्लेबियन होता. दोन्ही कॉन्सल प्लेबियन, असे रोममध्ये प्रथमच घडत होते. मार्सेलस पद स्वीकारीत असताना ढग गडगडले. ऑगरांना बोलाविण्यात आले. त्यांनी निवडणुकीत दोष असल्याचे सांगितले, आणि दोन प्लेबियन एकदम कॉन्सल झाले हे देवांना आवडले नाही, अशी कुजबूज सिनेटच्या वडीलधाऱ्यांनी पसरविली. मार्सेलसने पद सोडले. त्या जागी फेबियस हा पॅट्रिशियन आला. पुरोहितमंडळात तोवर प्लेबियन बसून पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. खुर्ची बदलली होती, गडगडाटाचा अर्थ बदलला नव्हता. दोन प्लेबियन कॉन्सल एका वर्षी झाले ते थेट इ.स.पू. १७२ मध्ये.

ह्याच युद्धात रोमची तिजोरी रिकामी झाली, जुनी नाणी हलकी होत होत मोडीत निघाली आणि इ.स.पू. २११ च्या सुमारास डिनॅरियस हे चांदीचे नवे नाणे आले. ह्या तारखेचा मोठा आधार सिसिलीतील मॉर्गान्टिना ह्या उद्ध्वस्त शहराच्या उत्खननात मिळाला. वजन सुरुवातीला साडेचार ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी. किंमत दहा अ‍ॅस. अ‍ॅस हे ब्राँझचे नाणे. 'डिनॅरियस' ह्याचा अर्थच दहाचा. इ.स.पू. १४१ च्या सुमारास त्याची किंमत सोळा अ‍ॅस ठरविण्यात आली, पण नाव दहाचेच राहिले. पुढल्या बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागे घोड्यांवर स्वार झालेले दोन जुळे देव. राजाचा चेहरा नाही. जिवंत माणसाचा चेहराच नाही, हे प्रजासत्ताकाच्या नाण्याचे वैशिष्ट्य. टांकसाळ जूनो मोनेटा ह्या देवीच्या देवळाजवळ होती. 'मनी' हा शब्द तिच्याच नावावरून आला. म्हणजे पैसाही देवळाच्या सावलीतच पाडला जात होता.

टांकसाळीवर दरवर्षी तीन तरुण अधिकारी नेमले जात. राजकारणाची ही पहिली पायरी. थोड्याच काळात त्यांनी नाण्यावर आपल्या घराण्याच्या पूर्वजांचे पराक्रम कोरायला सुरुवात केली. एका अर्थाने ती खिशात जाणारी निवडणुकीची जाहिरातच होती. पण त्यामुळेच काही अपूर्व चित्रे आपल्यापर्यंत पोहोचली. इ.स.पू. ११३-११२ च्या सुमारास नर्वा नावाच्या अधिकाऱ्याने पाडलेल्या नाण्यावर मतदान चालू आहे : अरुंद पुलावरून मतदार एकेक करून चालले आहेत, एकाला मतपाटी मिळते आहे, दुसरा ती पेटीत टाकतो आहे. गुप्त मतदानाचा पहिला कायदा रोममध्ये इ.स.पू. १३९ मध्ये झाला. तोवर मत तोंडाने सांगावे लागे, आणि सांगताना सावकार समोर उभा. आपल्या गावांत पाटलाच्या डोळ्यांसमोर हात वर करण्याचा अनुभव ज्यांच्या वडिलांना आहे त्यांना ह्या बोटभर चित्राची किंमत कळेल.

तरीही त्या मताचे मोल काय होते? कॉन्सल निवडणाऱ्या सभेत नागरिकांचे मालमत्तेप्रमाणे १९३ गट पाडलेले होते आणि प्रत्येक गटाचे एक मत धरले जाई. घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या श्रीमंत वर्गाचे ८० मिळून ९८ झाले की बहुमत पूर्ण, मतदान बंद. ज्यांच्याजवळ काहीच मालमत्ता नाही अशा असंख्य लोकांचा मिळून एकच गट. पुढे ह्या रचनेत थोडा फेरबदल झाला, पण तोल तोच राहिला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य आणि समाजजीवनात मात्र विषमता, ह्या विसंगतीचा इशारा दिला. रोमपाशी त्यातले पहिलेसुद्धा नव्हते.

आणि ती चांदी यायची कोठून? स्पेनमधील नवे कार्थेज ह्या शहराजवळच्या खाणींत ४०,००० माणसे राबत होती आणि त्यातून रोमला रोज २५,००० द्राख्मांचे उत्पन्न होत होते, असा पॉलिबियस ह्या ग्रीक इतिहासकाराचा आकडा आहे. द्राख्मा म्हणजे जवळजवळ डिनॅरियसच. स्पेनच्या खाणींतले गुलाम जमिनीखाली रात्रंदिवस राबून मरत, मरणच त्यांना बरे वाटे, असे डायोडोरसने लिहून ठेवले आहे. नाण्यावर त्यांचे चित्र नाही. सैनिकालाही पगार ह्याच चांदीच्या हिशेबाने मिळे, पण धान्य, कपडे आणि हत्यारे ह्यांची किंमत त्यातून कापून घेतली जाई. पगारपत्रकातल्या कपातीचा रकाना आमच्या विद्यार्थ्यांना वाटतो तितका आधुनिक नाही.

चलनाच्या प्रश्नात कपात कोणाची होते हे विचारण्याची सवय आपल्याला बाबासाहेबांनीच लावली. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी दाखवून दिले की रुपयाचे मोल घसरले म्हणजे व्यापाऱ्याला होणारा फायदा परदेशातून येत नाही. भाव चढतात, मजुरी तेथेच राहते, आणि तो फायदा देशातल्याच मजुराच्या खिशातून जातो. चांदीच्या रुपयाकडे पाहणारी ही दृष्टी अर्थशास्त्रज्ञाची तर होतीच, पण गिरणगावातल्या चाळीत राहिलेल्या माणसाचीही होती.

रोमचा शेवट लवकर सांगतो. इ.स.पू. १३३ मध्ये जमिनीचे फेरवाटप करू पाहणाऱ्या टायबेरियस ग्राकस ह्या ट्रिब्यूनला, ज्याच्या अंगाला हात लावणे पाप होते त्याला, सिनेटरांच्या जमावाने ठार मारले. जमावाच्या पुढे होता तो मुख्य पुरोहित. बारा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ गायस आणि त्याचे हजारो साथीदार मारले गेले. त्या कत्तलीनंतर कॉन्सल ओपिमियसने सलोख्याच्या देवतेचे देऊळ बांधून काढले! रात्री कोणीतरी त्या देवळावर दोन बोचऱ्या शब्दांत खरी हकीकत लिहून ठेवली, असे प्लुटार्क सांगतो. त्या अनाम लेखकाविषयी मला विशेष आदर आहे.

इ.स.पू. ४४ मध्ये सीझरने आपला चेहरा नाण्यावर आणला. त्याला मारणाऱ्या ब्रूटसने पुढे आपल्या सैन्यासाठी नाणे पाडले. त्याच्या एका बाजूला दोन खंजीर आणि त्यांच्या मधोमध एक टोपी आहे. ही टोपी गुलामाला मुक्त करताना त्याच्या डोक्यावर घालीत. शेकडो गुलामांचे धनी असलेल्या सिनेटरांनी आपल्या स्वातंत्र्याची खूण म्हणून गुलामाची टोपी उचलली. आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूला? ब्रूटसचा स्वतःचा चेहरा. तरीही ती टोपी खरी होती. रोमचा मुक्त गुलाम नागरिक होई, त्याची मुले अधिकारपदालाही पात्र ठरत. गुलामगिरी आणि अस्पृश्यता ह्यांची तुलना करताना बाबासाहेबांनी नेमके हेच दाखविले आहे : रोमचा गुलाम शिक्षक, वैद्य, पेढीचा कारभारी होऊ शके, अस्पृश्याला जन्मातून बाहेर पडण्याची वाटच ठेवलेली नव्हती.

डिनॅरियस आपल्या भागालाही अपरिचित नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस' लिहिणाऱ्या ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने नोंदविले आहे की पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथला माल गाड्यांनी भडोचला येतो आणि तेथे सोन्याचांदीचे डिनॅरियस नफ्याने बदलून मिळतात. भडोचच्या मुलखाचा राजा म्हणून त्याने जे नाव दिले आहे ते क्षहरात शकराजा नहपानाचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ह्या नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे सापडला. नाणी १३,००० हून अधिक. प्रत्येकावर नहपानाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरे, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. ह्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा ठोकला आहे : तीन कमानींचा डोंगर आणि उज्जयिनीचे चिन्ह. नाणे वितळविले नाही. कित्येक नाण्यांवर खालचे नाक आणि वरचा डोंगर दोन्ही दिसतात.

शाळेत आपल्याला हा परकीयांवरचा विजय म्हणून शिकवितात, आणि तो होताच. पण नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे तो नीट वाचावा. शक, यवन, पल्हवांचा नाश करणारा ह्या बिरुदाबरोबरच तेथे मुलाचे कौतुक आहे ते क्षत्रियांचा गर्व मोडणारा, अद्वितीय ब्राह्मण, आणि चारही वर्णांचा संकर थांबविणारा म्हणून. हे कोरले आहे बौद्ध भिक्षूंना दान दिलेल्या लेण्यात! आणि ज्याला हरविले त्या नहपानाचा जावई उषवदात? त्याचाही लेख त्याच डोंगरात आहे. त्याने तीन लाख गायी दिल्याचे आणि देवब्राह्मणांना सोळा गावे दिल्याचे त्यात अभिमानाने सांगितले आहे. जिंकणारा आणि हरणारा, दोघेही मोहोर मागायला गेले ते एकाच दारात.

उषवदाताच्या त्याच लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात एक कोरडा हिशेब आहे. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायमची ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, व्याज तेवढे भोगायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणांचे चीवर, म्हणजे बरोबर २४०. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि फलकावर नोंदविला गेला. व्याज मागावर बसणाऱ्यांनी भरायचे होते, वर्षानुवर्षे, राज्य कोणाचेही असो.